आधी नोंद, मग शिल्लक

बँकेच्या काउंटरवर खातेदार येतो, खाते क्रमांक सांगतो आणि विचारतो, "किती आहेत हो माझ्या नावावर?" कारकून दोन-तीन कळा दाबतो, पडद्यावर आकडा येतो, तो वाचून दाखवतो आणि माणूस समाधानाने निघून जातो. तो आकडा आला कुठून, हे विचारायची वेळ एरवी येत नाही. ती येते वाद झाल्यावर. खातेदार म्हणतो, माझे पाच हजार कमी दिसतायत. मग बँकेतला कोणताही जाणता माणूस त्या आकड्याकडे पाहत बसत नाही. तो खात्याचा उतारा काढतो, एकेक नोंद बोटाखाली धरत मागे जातो आणि ज्या दिवशीची शिल्लक दोघांनाही मान्य आहे तिथे थांबतो. तिथून पुन्हा जमा-नावे करत आजपर्यंत येतो.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात डेटाबेस सांभाळण्यात गेली. त्या कामातून माझे एक मत पक्के झाले. डेटाबेसच्या एखाद्या रकान्यात सध्याची किंमत म्हणून जे लिहिलेले असते, तो कोणीतरी आधीच काढून ठेवलेला निष्कर्ष असतो. सोयीसाठी काढलेला, बहुतेक वेळा बरोबर असलेला, पण निष्कर्षच. पुरावा असतो तो नोंदींचा: काय बदलले, केव्हा बदलले, कशाच्या आधी आणि कशानंतर. निष्कर्ष हरवला तर पुराव्यावरून पुन्हा काढता येतो. पुरावा हरवला तर निष्कर्षावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही हाती उरत नाही, आणि दुसऱ्याच्या पैशाच्या बाबतीत तेवढा विश्वास पुरत नाही.

वह्यांच्या काळात हे सगळे उघड्यावर होते. दिवसभराची व्हाउचरे ज्या क्रमाने येत त्या क्रमाने कीर्दीत चढत. कीर्दीवरून खतावणीत प्रत्येकाच्या खात्याला नोंद जाई, तिथे शिल्लक निघे, आणि साऱ्या शिलकांची तेरीज जुळली की दिवस संपे. खतावणीचे पान भिजले, फाटले, तर कीर्दीवरून ते पुन्हा लिहून काढता येई. नुसत्या शिलकांवरून मात्र कीर्द उभी करता येत नसे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात हिशेबाच्या तीन वह्या सांगितल्या: टिपणाची, कीर्दीची आणि खतावणीची, याच क्रमाने. आपल्याकडे पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तरातल्या मोडी रोजकीर्दींचे रुमाल आजही आहेत, आणि अभ्यासक त्यांतून त्या काळचा खर्च नोंदीनोंदीने वाचू शकतात, तो कुणीतरी रोजच्या रोज लिहून ठेवला म्हणूनच.

या वह्यांचा एक नियम जुन्या हिशेबनिसांच्या हाडात मुरलेला असे. लिहिलेले खोडायचे नाही. चूक झाली तर उलट नोंद करायची, शेरा लिहायचा आणि पुढे बरोबर नोंद करायची. १९८१ साली जिम ग्रे यांनी डेटाबेसमधल्या व्यवहारांच्या संकल्पनेवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी हाच नियम संगणकवाल्यांपुढे ठेवला. हिशेबनीस वहीत कधी खाडाखोड करत नाहीत. आपण मात्र जुन्या किमतीच्या जागेवरच नवी किंमत लिहितो आणि जुनी पुसून टाकतो. हे आपण का करतो आणि करावे का, असा त्यांचा प्रश्न होता. साठवणूक महाग होती, म्हणून जागेवरच बदल करण्याची पद्धत पडली. ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. डेटाबेस सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या माणसांवर त्यांचे ऋण फार मोठे आहे.

मात्र यंत्राने कीर्द स्वीकारली ती आणखी एका कारणाने. डेटाबेसची मुख्य फाइल म्हणजे हजारो पाने. एका व्यवहारात त्यातली चार-पाच पाने बदलतात आणि ती डिस्कवर ठिकठिकाणी विखुरलेली असतात. प्रत्येक व्यवहाराला ती सगळी डिस्कवर लिहीत बसले तर काउंटरवर रांग लागेल. म्हणून पाने मेमरीत बदलतात आणि डिस्कवर सावकाश उतरतात. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या कीर्दीत, मात्र नोंद लगेच जाते आणि ती ओळीने शेवटाला जोडली जात असल्याने पटकन लिहून होते. नियम एवढाच, पण कडक: बदललेले पान डिस्कवर जाण्याआधी त्याची नोंद लॉगमध्ये डिस्कवर पोचलीच पाहिजे, आणि व्यवहार पूर्ण झाला असे कोणाला सांगण्याआधी त्या पूर्णतेची नोंदही पोचली पाहिजे.

याचा अर्थ असा, की चालू डेटाबेसची मुख्य फाइल एकटी वाचली तर ती बहुधा खोटे बोलते. काही पूर्ण झालेले व्यवहार तिच्यात अजून उतरलेले नसतात, आणि काही अर्धवट व्यवहारांचे बदल तिच्यात आधीच उतरलेले असू शकतात. ती एकाच वेळी मागेही असते आणि पुढेही. आजची खरी किंमत कळायला फाइल आणि लॉग दोन्ही लागतात, आणि दोघांत मतभेद असेल तर लॉगचे म्हणणे चालते.

हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि पावसाळ्याच्या रात्री सर्व्हर रूममध्ये उभे राहून पाहणे वेगळे. दिवसअखेरीचे काम निम्म्यावर असताना वीज गेली, यूपीएसने दगा दिला आणि सर्व्हर मधल्यामध्ये बंद पडला, असा प्रसंग आमच्याकडे आला होता. व्याजाच्या नोंदी अर्ध्या खात्यांना लागल्या होत्या, अर्ध्यांना नव्हत्या. शाखांचे फोन सुरू झाले. सर्व्हर पुन्हा सुरू केला तेव्हा डेटाबेसने दार लगेच उघडले नाही. आधी तो स्वतःची कीर्द वाचत बसला. त्या वेळात आम्ही काही करायचे नसते, आणि काही न करणे हेच त्या रात्रीचे सर्वांत अवघड काम होते.

यंत्र त्या वेळी काय करते, याची शास्त्रशुद्ध मांडणी आयबीएमच्या आल्मेडन संशोधन केंद्रातले सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. मोहन आयआयटी मद्रासचे. त्यांच्या पद्धतीला एरिज म्हणतात, आणि आजच्या कित्येक मोठ्या डेटाबेसच्या पोटात तिचीच तत्त्वे आहेत. तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत, लॉगमध्ये अधूनमधून केलेल्या खुणांपैकी शेवटच्या खुणेपासून तो वाचून, कोणते व्यवहार पूर्ण होते आणि कोणते अर्धवट, हे ठरवले जाते. दुसऱ्या फेरीत सगळा इतिहास जसा घडला तसा पुन्हा घडवला जातो. सगळा, म्हणजे जे व्यवहार पुढे रद्द होणार आहेत तेसुद्धा. तिसऱ्या फेरीत अर्धवट व्यवहार शेवटून सुरुवातीकडे उलटवले जातात आणि उलटवल्याची प्रत्येक नोंद लॉगमध्येच नव्याने लिहिली जाते.

दुसऱ्या फेरीबद्दल मला आजही आदर वाटतो. घाईचा माणूस म्हणेल, जे रद्दच करायचे ते पुन्हा घडवायचे कशाला? पण वीज गेली त्या क्षणी जशी स्थिती होती, नेमकी तशीच आधी उभी केल्याशिवाय तिच्यातले चूक काय आणि बरोबर काय हे निश्चितपणे सांगता येत नाही. आधी घडलेले मान्य करायचे, मग दुरुस्त करायचे, आणि दुरुस्तीसुद्धा घडलेली गोष्ट म्हणून लिहून ठेवायची. दुरुस्ती चालू असताना पुन्हा वीज गेली तरी चालते, कारण उलटवणे कुठवर आले होते हेही लॉगमध्ये आहे. त्या रात्री व्याजाचा अर्धवट व्यवहार पूर्ण उलटला, दिवसअखेर पहिल्यापासून चालवली, आणि सकाळी शाखा वेळेवर उघडल्या.

लॉग वाचून किंमत काढायची तर काही अटी पाळाव्या लागतात. पहिली अट आरंभाची. कुठून तरी सुरुवात लागते, आणि ती मान्य असावी लागते. हिशेबात ती ३१ मार्चची अखेरची शिल्लक असते, डेटाबेसमध्ये तिला चेकपॉइंट म्हणतात. मेमरीतली बदललेली पाने डिस्कवर उतरवायची आणि लॉगमध्ये खूण करायची, की पुढच्या वेळी इथून वाचायला लागले तरी पुरे. पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेस, कोणी सेटिंग बदलले नसेल तर, निदान दर पाच मिनिटांनी असे करायला जातो. दुसरी अट क्रमाची. हजार जमा आणि नऊशे नावे या दोन नोंदी उलट वाचल्या तर मधल्या क्षणी खाते उणे दिसते आणि चेक परत जातो. म्हणून प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक असतो. तिसरी अट शेवटाची. लॉगच्या टोकाला एखादी नोंद अर्धवट लिहिलेली असू शकते. नोंदीबरोबर तिची पडताळणी बेरीज लिहिलेली असते. ती जिथे जुळत नाही तिथे लॉग संपला असे मानायचे. आणि ज्या व्यवहाराची पूर्णतेची नोंद सापडत नाही, तो मोजायचा नाही, मग त्याच्या बाकीच्या नोंदी कितीही नीटनेटक्या असोत.

चौथी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: एक नोंद एकदाच लागू व्हावी. एरिजमध्ये प्रत्येक पानावर, या पानाला लागलेली शेवटची नोंद कोणती, तो क्रमांक लिहिलेला असतो. लॉग वाचताना नोंदीचा क्रमांक त्याच्याएवढा किंवा त्याहून लहान असेल तर ती नोंद आधीच लागली आहे, सोडून द्यायची. या साध्या क्रमांकाची किंमत मला पिग्मीने शिकवली.

पिग्मी म्हणजे रोजची ठेव. एजंट बाजारात दुकानोदुकानी फिरतो, भाजीवाली, पानवाला, सलूनवाला यांच्याकडून दहा-वीस-पन्नास रुपये घेतो, हातातल्या मशीनवर नोंद करून पावती देतो, आणि मशीनमधल्या नोंदी बँकेत येऊन उतरवतो. एकदा एका शाखेत नोंदी उतरवताना लाइन तुटली. काम झाले की नाही ते कळेना, म्हणून तिथल्या मुलाने पुन्हा उतरवल्या. पहिल्या खेपेला त्यातल्या बऱ्याच नोंदी बँकेत पोचलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शंभराहून जास्त छोट्या खातेदारांच्या शिलका वाढलेल्या निघाल्या. तेव्हाच्या प्रणालीत पावती क्रमांकावरून दुबार नोंद अडवण्याची सोय नव्हती.

कोणाला किती जास्त लागले ते पावती क्रमांकांवरून काढायला वेळ लागला नाही. प्रश्न दुरुस्तीचा होता. विभागातल्या एकाने सुचवले, "साहेब, एका ओळीची क्वेरी आहे. शिलकीच्या रकान्यातून जास्तीची रक्कम वजा करून टाकू. कोणाला कळणारसुद्धा नाही."

आमचे साहेब हिशेब खात्यातून संगणकाकडे आलेले. ते म्हणाले, "आकडा बरोबर होईल रे. पण तो बरोबर का आहे, हे उद्या कोण सांगणार? शिलकीला हात लावायचा नाही. नोंदी करा."

प्रत्येक खात्याला उलट नोंद गेली, कारणासकट. संध्याकाळ त्यात गेली. पुढे एका खातेदाराने पासबुक आणून विचारले, की हे जमा झालेले पैसे परत का गेले, तेव्हा त्याला त्याच्याच पासबुकातल्या तीन ओळी दाखवता आल्या: पहिली जमा, तीच दुसऱ्यांदा जमा, आणि दुसरी रद्द. शिलकीतून गुपचूप वजा केले असते, तर त्या खातेदाराला दाखवायला आमच्याकडे काही नव्हते. त्याने पासबुकाची बेरीज केली असती आणि बँकेने आपले पैसे खाल्ले असे म्हटले असते, आणि कागदावर तोच बरोबर ठरला असता.

ही गोष्ट फक्त मोठ्या सर्व्हरची आहे असे नाही. आपल्या खिशातल्या फोनमध्ये एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस असतोच असतो. संपर्क, निरोप, कितीतरी अॅप्सचा मजकूर त्यात साठतो. २०१० पासून त्याला लॉग ठेवण्याची एक पद्धत मिळाली. तिच्यात नवे बदल मुख्य फाइलीला स्पर्श करत नाहीत, शेजारच्या लॉगच्या फाइलीत जाऊन पडतात. वाचणारा आला की तो आधी लॉगमध्ये त्या क्षणी शेवटची पूर्ण नोंद कुठे आहे ते पाहून ठेवतो. मग हवे ते पान त्या खुणेच्या आतल्या लॉगमध्ये असेल तर तिथली सर्वांत अलीकडची प्रत घेतो, नसेल तरच मुख्य फाइलीकडे जातो. लॉग साधारण हजार पानांचा झाला की त्यातला मजकूर मुख्य फाइलीत उतरवला जातो. म्हणजे किंमत दोन ठिकाणी असू शकते आणि नवी कोणती ते लॉग ठरवतो.

ओळखीच्या एका औषध दुकानदाराचा संगणक बंद पडला. त्याच्या भाच्याने डिस्क काढून बिलांच्या डेटाबेसची फाइल नव्या संगणकावर आणली. सगळे उघडले, पण शेवटच्या काही दिवसांची बिले गायब. उधारीची बिलेही त्यातच. डेटा करप्ट झाला असे सगळ्यांनी धरून घेतले होते. जुन्या डिस्कवर त्याच नावापुढे लॉगची अक्षरे जोडलेली दुसरी फाइल तशीच पडून होती. दोन्ही फाइली पुन्हा मुळापासून एकत्र आणल्या तेव्हा बिले परत आली. मुख्य फाइल खराब नव्हती. ती जुनी होती, एवढेच. आणि जुनी आहे हे तिच्याकडे एकटीकडे पाहून कोणालाच कळले नसते, हे मला भयंकर वाटते. चुकीची किंमत बहुतेक वेळा बरोबर किमतीसारखीच दिसते.

वाचणारा आपली खूण करून ठेवतो, यात आणखी एक अर्थ आहे. एकाच वेळी दोन वाचणारे असतील, एक सेकंदभर आधी आलेला आणि एक नंतर, तर दोघांना एकाच रकान्याच्या दोन वेगळ्या किमती दिसू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. सध्याची किंमत विचारणाऱ्याने कोणत्या क्षणापर्यंतची, हेही विचारायला हवे. बँकेत हा प्रश्न रोजचा आहे. नोंदीला दोन तारखा असतात: ती वहीत कधी चढली आणि तिचा परिणाम कधीपासून धरायचा. दुसऱ्याच्या खात्यात चुकून जमा झालेला चेक आठवड्याने दुरुस्त केला तर नोंद आजची असते, पण पैसे मागच्या सोमवारपासून खऱ्या खातेदाराचेच होते असे धरावे लागते. मागच्या बुधवारी शिल्लक किती होती, याचे तेव्हाचे उत्तर एक आणि आजचे उत्तर दुसरे. दोन्ही जपावी लागतात, कारण बुधवारी अधिकाऱ्याने जो निर्णय घेतला तो तेव्हाचे उत्तर पाहून. डेटाबेसच्या भाषेचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याच्या २०११ च्या आवृत्तीत या दोन काळांना स्वतंत्र जागा मिळाली.

खातेदाराला याचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर व्याज दाखवावे. पूर्वी बचत खात्यावर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर व्याज मिळे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकीवर मिळू लागले. आजची शिल्लक कितीही अचूक असली तरी तिच्यावरून हे व्याज निघत नाही. रोजची शिल्लक लागते, आणि ती नोंदींतूनच येते.

आता जमिनीकडे येतो, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक कुटुंबांचा या विषयाशी खरा संबंध तिथे येतो. सातबारा ही जमिनीची सध्याची किंमत आहे, डेटाबेसच्या अर्थाने. आज भोगवटादार कोण, क्षेत्र किती, बोजा कोणाचा. पण सातबाऱ्यावरचे प्रत्येक नाव कुठल्यातरी फेरफाराने आलेले असते. फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६, आणि ती खरी कीर्द. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, १९६६ च्या कायद्याच्या, कलम १५० प्रमाणे तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर ती सातबाऱ्यावर लागते. धरलेली नोंद आणि प्रमाणित नोंद यांतला फरक लॉगमधल्या अर्धवट आणि पूर्ण व्यवहारातलाच आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुने नाव कंसात टाकत आणि नव्या नावाशी फेरफार क्रमांक वर्तुळात लिहीत, म्हणजे निष्कर्षाशेजारी पुराव्याचा पत्ता असे. हल्लीच्या संगणकीय उताऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख छापतात, फेरफार प्रलंबित आहे का तेही. हा उतारा कोणत्या नोंदीपर्यंतचा आहे, ते त्या ओळीवरून कळते. फार कमी लोक ती वाचतात.

माझ्या आजोळच्या जमिनीचे उदाहरण सांगतो. आजोबा गेल्यावर थोरल्या मामांचे नाव लागले, पुढे 'ए. कु. मॅ.' अशी तीन अक्षरे. एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्या भावंडांची, मामा तिचे पाहणारे. हस्तलिखित सातबारे ठरावीक वर्षांनी नव्याने लिहून काढत. अशा एका लेखनात ती तीन अक्षरे गळाली. पुढचा सातबारा मामांच्या एकट्याच्या नावाचा झाला. कोणी लबाडी केली नव्हती, मामांच्या मनातही तसे काही नव्हते. पण मामा गेले, त्यांच्या मुलांच्या वारस नोंदी झाल्या, आणि आई-मावशी-धाकटे मामा यांचा त्या जमिनीशी संबंध सातबाऱ्यापुरता संपला. तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुना फेरफार काढला तेव्हा मामांचे नाव कोणत्या नात्याने लागले होते ते शाईत लिहिलेले सापडले. माझे मामेभाऊ समजूतदार, त्यांनी तो कागद पाहून वाद घातला नाही. वाद घालणारी घरे मी पाहिली आहेत, आणि तिथेही शेवटी तोच जुना फेरफार शोधावा लागतो.

फेरफारालाही मर्यादा आहे, हे सांगितलेच पाहिजे. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, तो महसुलाच्या कामापुरता असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. मालकी खरेदीखतातून, वारसाहक्कातून, वाटपातून येते. नोंद म्हणजे घटनेची खबर. ती उशिरा येऊ शकते, चुकीची असू शकते, आलीच नाही असेही होते. सोसायटीचे कर्ज कधीच फिटलेले असते, पण बोजा उतरवण्याचा फेरफार कोणी करून घेतलेला नसतो, म्हणून इतर हक्कात तो वर्षानुवर्षे दिसत राहतो. नोंदींवरून काढलेली किंमत नोंदींइतकीच खरी असते. तरी नोंद असली तर तिच्याशी भांडता तरी येते. तिच्यावर तारीख आहे, कारण आहे, सही आहे. नुसत्या आकड्याशी कसे भांडणार?

म्हणूनच मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती स्थलांतराची. वह्यांतून संगणकावर, एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात, शाखेच्या सर्व्हरवरून कोअर बँकिंगवर. अशा प्रत्येक वेळी, वेळ आणि पैसा वाचवायला, प्रत्येक खात्याची अखेरची शिल्लक एका नोंदीने नव्या घरी नेतात आणि मागचा इतिहास मागेच राहतो. तेरीज जुळते, प्रमाणपत्र मिळते, सगळे टाळ्या वाजवतात. जुनी हार्ड डिस्क कपाटात जाते, पुढे ते कपाटही जाते. त्या एका ओळीच्या मागे जायचा रस्ता कायमचा बंद होतो. मी अशी स्थलांतरे केली आहेत, आणि जिथे जुन्या नोंदी वाचता येण्याजोग्या स्वरूपात जपण्यासाठी आम्ही भांडलो तिथे पुढच्या काळात प्रत्येक वर्षी कोणाच्या ना कोणाच्या तरी त्या उपयोगी पडल्या. सातबाऱ्याच्या संगणकीकरणात हस्तलिखिताशी मेळ घालायला गावोगाव चावडी वाचन ठेवले, लोकांसमोर उतारे वाचून दाखवले. ते सगळीकडे सारख्या काळजीने झाले नसेल, पण नवा निष्कर्ष स्वीकारण्याआधी तो ज्यांचा आहे त्यांना ऐकवायचा, ही पद्धत बँकांनीही उचलावी अशी आहे.

कायदाही या बाजूला सरकतो आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम झाला. हा नियम कंपन्यांना आहे. गृहनिर्माण संस्था, पतपेढ्या, दूध संस्था, देवस्थाने यांचे हिशेब आजही पुष्कळ ठिकाणी अशा सॉफ्टवेअरवर किंवा एक्सेलच्या तक्त्यांवर चालतात, जिथे कालचा आकडा पुसून आजचा लिहिता येतो आणि मागे काहीच उरत नाही. माझ्या मते हाच नियम त्यांनाही लागू व्हावा, आणि तो होईपर्यंत सभासदांनी वार्षिक सभेत तो मागावा.

तुमच्याकडून मला एवढेच हवे आहे. पुढच्या वेळी सातबारा काढाल तेव्हा त्यावर ज्या जुन्या फेरफारांचे क्रमांक आहेत त्यांचे उतारेही काढा. अनेक जिल्ह्यांतले जुने फेरफार आता स्कॅन होऊन ऑनलाइन मिळू लागले आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कोणता फेरफार कशाचा ते त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा, ती माणसे आहेत तोवर. आणि तुमची बँक किंवा पतपेढी नवे सॉफ्टवेअर घेणार असे कळले, तर जुन्या नोंदी कुठे ठेवणार आणि त्या वाचणार कशा, हे लेखी विचारा.